खाडीवरून तळेगावला, वल्हं मारायला शिकायला

मी वल्हं मारायला शिकायला वर्धा जिल्ह्यात गेले होते, असं सांगितलं की आमच्या गावात लोक आधी हसतात. मग विचारतात, "थंय समुद्र खंय आसा?" समुद्र नाहीच. खाडीसुद्धा नाही. तरी गेले, आणि का गेले ते आधी सांगते.

आमचं गाव मालवण तालुक्यात, खाडीच्या काठावर. गावातल्या आम्ही अकरा बायका मिळून पर्यटकांना कयाकमधून कांदळवनात फिरवतो. पुढच्या जागेवर पाहुणा, मागच्या जागेवर आमच्यातली एक. माझं माहेर त्याच खाडीच्या पलीकडच्या काठावर आहे, त्यामुळे होडी मला कुणी शिकवली असं झालंच नाही. चालायला जसं कुणी शिकवत नाही, तसं. गेल्या हंगामात मात्र माझा उजवा खांदा धरला. आधी फेरी संपल्यावर दुखायचा, मग फेरीच्या मध्यावर, मग सकाळी केस विंचरताना. फळीवरचा डबा काढायला मी नवऱ्याला हाक मारू लागले. कुडाळच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "पावसाळाभर वल्हं बंद. नंतर हळूहळू सुरू करा. पण जसं मारत होता तसंच मारलंत, तर परत इथेच याल."

'जसं मारत होता तसंच' म्हणजे कसं, हे मला ठाऊक नव्हतं. ते मला आधी एकदा एका माणसानं सांगितलं होतं, आणि मला त्याचा भयंकर राग आला होता.

हा माणूस म्हणजे सुभेदार वानखडे. फेब्रुवारीत बायकोला घेऊन कोकण बघायला आले होते आणि माझ्या होडीत पुढे बसले होते. बासष्ट वर्षांचे, बारीक मिशीचे, एका गुडघ्यानं लंगडणारे. फौजेत असताना अनेक वर्षं जवानांना होड्या शिकवलेल्या. कांदळवन बघायचं सोडून ते मान वळवून मलाच बघत होते. शेवटी म्हणाले, "ताई, राग नका मानू. तुमी हातानं वल्हवून राह्यल्या."

"मग काय पायानं वल्हवू?" मी म्हटलं.

"हाव," ते शांतपणे म्हणाले. "पायानं, कंबरेनं, पाठीनं. हात फक्त वल्हं धराले. पावसाळ्यात तुमचं बंद राह्यते नं? मंग या आमच्याकडे. आठ दिवसाचं काम हाये."

खाडीवर जन्मलेल्या बाईला वर्ध्याकडचा माणूस वल्हं शिकवणार! त्या संध्याकाळी ही गोष्ट सांगून मी सगळ्याजणींना पोट धरून हसवलं. पण डॉक्टरांकडून परत येताना एसटीत मला सुभेदारांचं वाक्य आठवलं आणि ते डोक्यातून जाईना. गणपती झाले, पितृपंधरवडा लागला, तेव्हा आमच्याकडे काम थंडच असतं. नवऱ्याला म्हटलं, मी जाऊन येते. तो म्हणाला, "डबो काढूक कोण हाक मारतला आता माका?" म्हणजे परवानगी मिळाली.

तळेगाव (श्या.पं.)

आगगाडीच्या प्रवासाचं काही सांगण्यासारखं नाही. वर्ध्याला उतरले आणि आर्वीवरून जाणारी एसटी पकडली. पाटीवर 'तळेगाव (श्या.पं.)' लिहिलेलं. मी कंडक्टरला विचारलं, श्या.पं. म्हणजे काय?

"श्यामजी पंत," तो म्हणाला. "नाईतं तळेगाव कोणतं, कसं समजन?"

बरोबर आहे. महाराष्ट्रात तळेगावं किती! आमच्याकडे वाड्यांना माणसांची नावं असतात, इथे गावाच्या आडनावाच्या जागी माणूस.

खिडकीतून दिसत होतं ते सगळं मला नवं होतं. आमच्याकडे माती तांबडी आणि जमीन कुठेच सपाट नाही. इथे काळी जमीन अंथरल्यासारखी. कपाशी कमरेएवढी झालेली, एकाच झाडाला पिवळी फुलंही आणि गुलाबीही. शेजारच्या प्रवासी बाईंनी सांगितलं, की दोन्ही फुलं एकच, आज पिवळं असतं ते उद्या गुलाबी होतं. सोयाबीन पिकायला आलेलं. आर्वीच्या पुढे गेल्यावर टेकड्या दिसू लागल्या, सागाची झाडं आली आणि संत्र्यांचे बगीचे, हिरव्यागार फळांनी लगडलेले. उतरल्यावर चार पावलं शेताच्या कडेनं चालले तर चपलांना एवढी माती चिकटली, की मी दोन इंच उंच झाले.

सुभेदारांचं घर तळेगावापासून थोडं आत, तलावाजवळच्या खेड्यात. दारात त्यांच्या पत्नी मंदाताई उभ्या होत्या.

"काऊन वं ताई, एवढ्या दुरून एकट्याच आल्या? या, बसा. पानी घ्या."

संध्याकाळी जेवायला पाटोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, रस्सा भाजी, ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. रश्श्यावर लाल तर्रीचा थर असा, की खाली भाजी आहे हे विश्वासावर मानायचं. मंदाताईंनी विचारलं, "वरतून सांभार टाकू का?" मला वाटलं, इडलीबरोबरचं. मी ताटावर हात धरून म्हटलं, "नको हो, भाकरीवर सांबार कशाला?" त्या मूठभर चिरलेली कोथिंबीर घेऊन उभ्या होत्या. त्या प्रांतात कोथिंबिरीला सांभार म्हणतात. हा किस्सा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या गावाला माहीत झाला होता.

अंगणातली होडी

सकाळी मी टोपी, बाटली घेऊन तयार. सुभेदार म्हणाले, "आज पान्यात नाई जायचं."

त्यांनी अंगणात एक पाट मांडला, मला त्यावर पाय समोर पसरून बसवलं आणि तळवे भिंतीला टेकवले. मग एक बांबू माझ्या खांद्यांवर आडवा ठेवला, दोन्ही हात त्यावरून टाकायला लावले. "आता फिरा. डोकं समोर. खांदे फिरले पायजेत, आन् उजवीकडे वळता वळता उजवा पाय भिंतीवर दाबा."

मी फिरले. पाठ कराकरा वाजली.

"हे फिरणं नाई. हे मान हलवणं हाये. बेंबी फिरली पायजे."

शेजारच्या घरातल्या दोन म्हाताऱ्या भिंतीवरून बघत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "कोकनातून आली म्हंते. बसाले शिकून राह्यली." मला हसूही येईना. सकाळचे दोन तास बेंबी फिरवली, दुपारी दोन तास बेंबी फिरवली. पन्नास झाले की थांबायचं आणि सांगायचं, की या पन्नासांत काय चुकलं. हे सुभेदारांचं खास शास्त्र. ते स्वतः चूक सांगत नसत.

"मी सांगितली तं ते माझी चूक होते. तुमी सांगा, मंग थे तुमची."

पहिल्यांदा मी सांगितलं, "काही नाही चुकलं." ते म्हणाले, "मंग आनखी पन्नास."

दुसऱ्या दिवशी तलावावर गेलो. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चढलो आणि मी बघतच राहिले. पावसानं तलाव काठोकाठ भरलेला, एका टोकाला सांडव्यावरून पातळ पाण्याचा पडदा खालच्या खडकांवर पडत होता. पलीकडचा काठ दीड-एक किलोमीटरवर, त्याच्यामागे सागाचं जंगल चढत गेलेलं. खाडीत पाणी सारखं कुठेतरी निघालेलं असतं, भरती नाहीतर ओहोटी. हे पाणी कुठेच जायच्या घाईत नव्हतं.

सुभेदारांची कयाक जुनी, फायबरची, निळा रंग उडालेला, आणि अरुंद. आमच्या होड्या पाहुण्यांसाठी रुंद, पाटासारख्या. त्यांच्यावर माणूस उभा राहून नाचला तरी उलटत नाहीत. मी रुबाबात बसले, काठावर धुणं धुणाऱ्या बायकांकडे बघून हसले, वल्हं उचललं आणि सरळ उलटी झाले.

वर आले तेव्हा तोंडात पाणी होतं आणि पहिला विचार आला, खारट नाही! लाइफ जॅकेट होतं म्हणून, नाहीतर गोड्या पाण्यात अंग इतकं कमी तरंगतं हे मला कळायला उशीर झाला असता. धुणं थांबलं होतं. बायका साबण हातात धरून हसत होत्या. सुभेदार मात्र हसले नाहीत. पाळीवर स्टूल टाकून बसले होते, म्हणाले, "सांगा, काय चुकलं?"

"मी हसले," मी सांगितलं.

"शाबास. बरोबर सांगितलं."

तिसरा दिवस, आणि मी बॅग भरते

तिसऱ्या दिवसाबद्दल थोडक्यातच सांगते, कारण तो फार वाईट गेला. नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट. आज फक्त पातं पाण्यात जाण्याकडे लक्ष. पातं पायाच्या चवड्यापाशी पाण्यात घालायचं, पूर्ण बुडू द्यायचं, आणि मगच ओढायचं. मी चाळीस वर्षं पातं अर्धं बुडतानाच ओढत आले होते, म्हणून पाणी उडायचं आणि पहिला झटका खांद्यावर यायचा. हे मला पन्नास-पन्नासच्या अकराव्या फेरीत स्वतःच्या तोंडानं सांगता आलं. पण सांगता येणं वेगळं, करणं वेगळं. पात्याकडे लक्ष दिलं की पाठ वाकायची. पाठ सरळ केली की पाय सैल. होडी दारू प्यायल्यासारखी डावीकडे, उजवीकडे. मी घरी यापेक्षा शंभर पटीनं बरी वल्हवत होते. आणि खांदा दुखायला लागला.

"मी जरा लांब फेरी मारून येऊ का? हात मोकळा होईल," मी विचारलं.

"नाई. लांब गेल्या का तुमी जुनंच करता."

माझा तोल गेला. "सुभेदार, मी चाळीस वर्षं खाडीत वल्हवतेय!"

"तेच तं म्हनतो ताई. चाळीस वर्षं एकच चूक केली का थे पक्की होते."

मी वल्हं काठावर टाकलं आणि घरी चालत आले. वाटेत शैलाचा फोन आला. शैला म्हणजे आमच्या अकराजणींतली माझी जिवाची मैत्रीण. तिनं मायेनंच सांगितलं, "अगो सुमन, आमी सगळ्यांनी ठरवला. यंदा तू बुकिंगच्या टेबलार बस. होडी आमी बघतंव. तुका कोण काय बोलाचा नाय."

मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला आणि रस्त्याच्या कडेला पुलाच्या कठड्यावर बसून रडले. टेबलावर बसण्यात वाईट काही नाही. पण खाडी समोर दिसत असताना आपण फक्त नावं लिहायची, हे मला जमणार नव्हतं. घरी येऊन मी बॅग भरायला घेतली.

मंदाताईंनी बघितलं. फक्त म्हणाल्या, "उद्या जाजा. आज भुलाबाईले चाला."

भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर तिकडे मुली भुलाबाई मांडतात. मातीच्या भुलाबाई-भुलोजीसमोर बसून गाणी म्हणायची, आणि शेवटी खाऊचा डबा न उघडता आत काय आहे ते ओळखायचं. ओळखेपर्यंत कुणाला मिळत नाही. आमच्याकडे भजनाला प्रसाद आपोआप हातावर पडतो. इथे तो कमवावा लागतो. मुली डबा कानाशी हलवत होत्या, प्रश्न विचारत होत्या, गोड की तिखट, वाजते का नाही वाजत. मला विचारलं तेव्हा मी आत्मविश्वासानं "खोबऱ्याची वडी" म्हटलं. "खोबरं कोठून आनू वं आत्या?" असं म्हणत पोरी लोळल्या. एक चिमुरडी दहावेळा चुकली, आणि दरवेळी चुकल्यावर डबा पुन्हा कानाशी नेऊन नीट ऐकत होती. अकराव्यांदा म्हणाली, "भाजलेले शेंगदाने, गुळाचे." बरोबर होतं. मी घरी येऊन बॅग रिकामी केली.

लक्ष्मीबाईच्या हातातल्या फळ्या

चौथ्या दिवशी सुभेदारांना आर्वीला काम होतं. म्हणाले, "आज सुट्टी. पान्याकडे नुसतं पाहा."

मी पाळीवर बसून खरंच नुसतं बघत होते. एक बाई तराफ्यावरून जाळं लावत चालली होती. थर्माकोलचे ठोकळे गोणपाटात शिवून केलेला तराफा, जेमतेम एका माणसाचा. तिच्या हातात वल्हं नव्हतं. दोन्ही हातांत एकेक फळी, भाकरी थापायच्या परातीएवढी, मागे दोरीची मूठ. त्या फळ्यांनी ती पाणी मागे सारत होती आणि तराफा सरळ रेषेत, आवाज न करता जात होता. मी उठून उभी राहिले. तिचे हात हलतच नव्हते. फिरत होती ती कमरेपासून.

ती काठाला आली तेव्हा मी जाऊन बोलले. लक्ष्मीबाई उईके, पन्नाशीची, गोंड. नवरा जंगल खात्याच्या रोपवाटिकेत मजुरीला जातो, मासे धरायचं काम हिचं. आपसात त्यांची गोंडी चालते, माझ्याशी ती मराठीत बोलली. मी विचारलं, हे हात न हलवता कसं?

"हात हलवून काय होते?" ती म्हणाली. "फळी एवढीशी. हातानं मारली तं पानी हलते, तराफा नाई हलत. आंग टाका लागते."

मी तिचा तराफा मागितला. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "थेच नं तुमी, उलटल्या त्या?"

"तीच."

"बसा मंग. काठाकाठानं."

मी बसले. पहिले दहा हात मारले आणि जागच्या जागी राहिले. फळीला लांबी नाही, म्हणून तिच्या जोरावर चोरी करता येत नाही. हातानं ढकलावं तर नुसती फसफस. मग मी हात सरळ ठेवले, फळी पुढे टेकवली, ती बुडेपर्यंत थांबले आणि पोटातून वळले. तराफा सरकला. मी दुसऱ्या बाजूला वळले. पुन्हा सरकला. तीन दिवस सुभेदार ज्याला बेंबी म्हणत होते ती इथे होती! मी काठावरच्या लक्ष्मीबाईला ओरडून सांगितलं, "जमलं!" ती म्हणाली, "पुढं बेशरमाचं झुडूप हाये, पाहा!" आणि मी त्यात घुसले.

दुपारी तिनं मला घरी जेवायला नेलं. मंदाताईंकडे पितृपंधरवड्यामुळे मासे बंद होते आणि मला चार दिवस मासळीचं तोंड दिसलं नव्हतं. लक्ष्मीबाईनं मरळ केली, अंबाडीची पानं घालून, खोबऱ्याचा पत्ता नाही. आम्ही आंबटाला कोकम घालतो, ती अंबाडी घालते. मी दोनदा भात घेतला. तिनं मला पाण्याला गोंडीत 'येर' म्हणतात ते शिकवलं, मी तिला मालवणीतल्या चार शिव्या शिकवल्या. तिला त्या फार आवडल्या.

पाचव्या दिवशी मी कयाकमध्ये बसले आणि सुभेदारांना काही न सांगता पन्नास मारले. पातं बुडलं, पाय दाबला, पाठ वळली, कमरेपाशी पातं बाहेर. होडी पुढे गेली आणि दोन वल्ह्यांच्या मधल्या वेळातही जातच राहिली. थांबले. सुभेदार स्टुलावरून उठले होते.

"सांगा, काय चुकलं?"

"डाव्या बाजूला थोडं लवकर ओढते."

"हाव. पन परवापासून आजपर्यंत हे झालं कसं?"

मी फळ्यांचं सांगितलं. त्यांनी तलावाकडे बघितलं. मग म्हणाले, "ही बाई रोज माह्या डोळ्यासमोरून जाते. मले नाई सुचलं." आणि त्याच दुपारी ते स्वतः जाऊन लक्ष्मीबाईच्या नवऱ्याकडून फळ्यांचं माप घेऊन आले.

वारा

सातव्या दिवशी परीक्षा. पलीकडच्या काठापर्यंत जायचं आणि परत यायचं, मध्ये न थांबता. सुभेदार दुर्बीण आणि शिटी घेऊन पाळीवर. सकाळपासून भाद्रपदाचं ऊन चटके देत होतं आणि जंगलामागे ढग साचत होते. जाताना काही अडचण आली नाही. परत फिरले आणि पाण्याचा रंग बदलला. आधी गार झुळूक, मग एकदम वारा, बाजूनं. शिटी ऐकू आली, लांबलचक. मला सरळ पाळीकडे यायचं होतं.

तेवढ्यात तराफा दिसला. लक्ष्मीबाई तलावाच्या मध्यावर होती. थर्माकोल हलकं, वाऱ्यानं ते पानासारखं ढकललं जात होतं, आणि ढकललं जात होतं ते सांडव्याच्या दिशेनं. ती फळ्या मारत होती, पण जाळ्याचा अर्धा भाग तराफ्याला अडकून पाण्यात ओढला जात होता. सुभेदार पाळीवरून लंगडत सांडव्याकडे पळताना दिसले. होडी एकच, आणि तिच्यात मी.

मी वळले. घाबरले होते हे कबूल करते. घाबरल्यावर पहिली पाच-सहा वल्ही मी हातानं मारली, आणि खांद्यात जुनी कळ आली. त्या कळेनंच मला जागं केलं. पाठ सरळ केली, पाय दाबले. तिच्यापाशी पोचले तेव्हा सांडवा दोन-अडीचशे पावलांवर होता. पाणी पडण्याचा आवाज येत होता.

"जाळं कापा!" मी ओरडले.

"जाळं नाई कापत!" ती ओरडली. "नवीन हाये!"

"लक्ष्मीबाई, मराल!"

"मंग वढा नं लवकर!"

माझ्या होडीच्या मागच्या कडीची दोरी मी तिच्याकडे फेकली. पहिल्यांदा पाण्यात पडली, दुसऱ्यांदा तिनं धरली आणि तराफ्याला बांधली. मी वाऱ्याच्या तोंडावर होडी धरली आणि वल्हं मारलं. काहीच हललं नाही. जणू काठाला बांधलेली होडी वल्हवतेय. आणखी एक. मागून लक्ष्मीबाईचा आवाज आला, "उंदी!" मग "रंड!" मग "मूंद!" ती गोंडीत आकडे मोजत होती, आणि प्रत्येक आकड्याला स्वतःही फळ्या मारत होती. मी तिच्या आकड्यावर वल्हं टाकू लागले. पातं बुडू दे, मग वळ. बुडू दे, मग वळ. किती वेळा, मोजलं नाही. झाडाकडे बघत होते. काठावरचं एक पळसाचं झाड बराच वेळ जागचं हललं नाही, आणि मग हळूच मागे सरकलं. त्याच वेळी पाऊस आला, असा जोराचा की झाडही दिसेना. आकडे मात्र ऐकू येत होते.

होडीचं नाक चिखलात रुतलं, तेव्हा सुभेदार कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांनी आधी तराफा धरला, मग मला. लक्ष्मीबाई खाली उतरली, जाळं ओढून काठावर घेतलं, त्यात दोन कतला मासे होते. तिनं वर ढगाकडे बघितलं आणि मी शिकवलेली सगळ्यात मोठी मालवणी शिवी दिली, अगदी स्वच्छ उच्चारात.

सुभेदारांना अर्थ कळला नाही, पण सूर कळला. ते हसायला लागले, मग मी, आणि मग ती. पावसात तिघं चिखलात बसून हसत होतो.

रात्री मी खांद्याला हात न लावता झोपले. भीती वाटत होती. सकाळी डोळे उघडले आणि हळूच उजवा हात वर नेला. गेला. कंबर दुखत होती, मांड्या दुखत होत्या, बरगड्यांखाली असे स्नायू दुखत होते जे माझ्याकडे आहेत हे मला माहीत नव्हतं. खांदा थोडा भरून आला होता, एवढंच. स्वयंपाकघरात जाऊन मी फळीवरचा पोह्यांचा डबा काढला आणि मंदाताईंच्या हातात दिला. त्यांना काहीच कळलं नाही. "भूक लागली का ताई?" म्हणाल्या आणि पोहे भिजवायला घेतले.

निघताना मी सुभेदारांना विचारलं, "काल काय चुकलं, सांगू?"

"नाई," ते म्हणाले. "काल राहू द्या."

परत खाडीवर

घरी आले ते दसऱ्याच्या आत. बायकांना सगळं सांगितलं. निम्म्याजणींना खरं वाटलं, बाकीच्यांनी दोन कतलांचं तेवढं खरं मानलं. शैला म्हणाली, "बघूया." म्हणून हंगामाच्या पहिल्या दिवशी मला एक फेरी दिली, एकच, आणि ती स्वतः धक्क्यावर हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

माझ्या वाट्याला कोल्हापूरच्या एक आजी आल्या. मुलगा-सून पुढच्या होडीत. आजी बसतानाच म्हणाल्या, "मला पाण्याची भीती वाटते, हळू घे बाई." मी हळू घेतलं. ओहोटी सरत आली होती, कांदळवनात सावली होती, खंड्या मुळांवर बसून होता. मी त्यांना तो दाखवला. उत्तर आलं नाही. मला वाटलं, घाबरल्या. जरा वाकून बघितलं तर आजी झोपल्या होत्या. हनुवटी छातीवर, हात मांडीवर उघडे, तोंडावर उन्हाचे ठिपके.

माझ्या होडीत आजवर कुणी झोपलं नव्हतं. झोपणार कसं? दर वल्ह्याला पाणी उडायचं, होडी झटका खायची.

फेरी संपत आली. धक्क्यावरून शैलानं हात हलवला, मग हाक मारायला तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवून आजींकडे दाखवलं. ती बघत राहिली. मी डावं पातं बुडवलं, वळले, आणि होडी पुन्हा खाडीच्या आतल्या बाजूला घेतली.